तळ्याकाठच्या क्रोएशियन लग्नाचे फोटो काढायचे असतील तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की जुलैतल्या शनिवारी कॅनडातल्या बर्लिंग्टनला लेक ऑन्टारिओच्या काठावर रिसेप्शन, घर क्रोएशियन, चर्चमधलं लग्न ओकव्हिलला, तू आजवर पुण्यात आणि मग इथे ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाला आपलीच लग्नं शूट केलीयस, आणि पाण्यावरच्या सूर्यास्तात जोडप्याचे फोटो घ्यायला कुठली लेन्स आणि कुठला फ्लॅश आणू. सगळं सांगते, पण आधी सूर्यास्ताचं डोक्यातून काढून टाक. त्या काठावर सूर्य पाण्यात मावळत नाही.

नकाशा उघडून बघ. टोरांटोपासून बर्लिंग्टनपर्यंत किनारा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे उतरत जातो आणि पाणी आग्नेयेला. जुलैत सूर्य मावळतो वायव्येला, म्हणजे पाण्याकडे तोंड करून उभा राहिलास तर बरोब्बर तुझ्या पाठीमागे, घरं आणि झाडांच्या आड. पाण्यात बुडणारा सूर्य हवा तर लेक ह्युरॉनच्या काठाला, गोडरिच किंवा ग्रँड बेंडला जावं लागतं, आणि लग्नाच्या दिवशी कोणी तिथे जाणार नाहीये. नवरीने पिंटरेस्टवरून असले फोटो पाठवले असतील तर आत्ताच फोन करून तिला सांग, त्या दिवशी संध्याकाळी तोंडं बघत बसण्यापेक्षा ते बरं.

आता त्या जागी काय मिळतं ते ऐक, कारण मिळतं तेही चांगलंच आहे. सूर्यास्त नऊला पाच-दहा मिनिटं कमी असताना, पण झाडांमुळे कामाचं ऊन साडेआठच्या आधीच संपतं, हे आदल्या आठवड्यात त्याच वेळेला जाऊन बघून ये. आठच्या सुमाराला जोडप्याला पाण्याकडे पाठ करून उभं केलंस तर ऊन थेट तोंडावर, मऊ असतं पण डोळे बारीक होतात, म्हणून एकमेकांकडे बघायला लाव, कॅमेऱ्याकडे नको. पाठीमागून ऊन हवं असेल तर जमिनीवरून पाण्याकडे शूट करून उपयोग नाही, तू स्वतः पाण्याच्या बाजूला जायला पाहिजे, म्हणजे ब्रँट स्ट्रीटच्या पिअरसारखं, पाण्यात आत गेलेल्या धक्क्यासारखं काहीतरी, तिथून काठाकडे वळून बघितलंस की सूर्य जोडप्याच्या मागे आणि मधलं पाणी चमकतंय. सार्वजनिक पार्कात लग्नाच्या फोटोंना महापालिकेचं परमिट लागतं का ते व्हेन्यूला विचारत बसू नकोस, स्वतः बघ. आणि माझ्या मते सगळ्यात छान उजेड सूर्य गेल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी येतो. पूर्वेला, म्हणजे पाण्याच्याच बाजूला, क्षितिजावर निळसर पट्टा आणि त्यावर गुलाबी. तेव्हा जोडप्यावर एका बाजूने छोट्या सॉफ्टबॉक्समधून जेमतेम फ्लॅश टाकायचा, आकाश एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, ठेवायचं, झालं.

वाऱ्याचं मात्र कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात जमीन तापली की दुपारपासून पाण्याकडून जमिनीकडे वारा सुटतो, म्हणजे नवरी पाण्याकडे पाठ करून उभी राहिली की वेल, म्हणजे डोक्यावरचा जाळीदार पदर, आणि केस मागून पुढे, सरळ तोंडावर. त्यांना थोडं तिरकं उभं कर म्हणजे वेल एका बाजूला उडेल. छत्रीवाला फ्लॅश स्टँडवर ठेवून दुसरीकडे गेलास तर तो तळ्यात सापडेल, वाळूची पिशवी लावली तरी माझा विश्वास नाही, कोणाच्या तरी हातात दे. अंधार पडायच्या सुमाराला हा वारा बहुतेक वेळा बसतो आणि पाणीही शांत होतं, ते आणखी एक कारण उशिराच्या उजेडाचं. पोलरायझर फिल्टर बॅगेत असू दे पण माणसांच्या फोटोंना सारखा लावू नकोस, दीड-दोन स्टॉप जातात आणि वाइड लेन्सवर आकाश एकीकडे गडद एकीकडे फिकं दिसतं. भर दुपारच्या ग्रुपला पाण्याची चमक मारायला तेवढा उपयोगी.

तळ्याचा विषय एवढाच. वीस मिनिटांचं काम आहे ते, तीस म्हण. क्रोएशियन लग्न तळ्याकाठी होत नाही रे, ते सकाळी अंगणात सुरू होतं आणि मध्यरात्रीनंतर हॉलमध्ये संपतं, तळं फक्त मधे पाणी प्यायला थांबल्यासारखं. तू सगळी तयारी त्या वीस मिनिटांसाठी केलीस तर मधे जे घडतं ते तुझ्या हातून जाईल, आणि घरच्यांना नंतर हवं असतं तेच.

पहिला प्रश्न घरच्यांना हा विचार की तुमचं मूळ गाव कुठलं. क्रोएशियन म्हणजे एकच प्रकार नाही. स्लावोनियाकडचे असतील तर तांबुरावाले येतील (आपला तंबोरा नव्हे, तिकडचं छेडून वाजवायचं तंतुवाद्य), दाल्मातियाच्या किनाऱ्याकडचे असतील तर क्लापा म्हणजे बिनवाद्याचं समूहगान ऐकू येईल, आणि इथली बरीच घरं हर्सेगोव्हिनाची आहेत, म्हणजे आजच्या बोस्निया-हर्सेगोव्हिना देशातले क्रोएशियन, त्यांच्या पद्धती परत वेगळ्या. नवरा एकीकडचा आणि नवरी दुसरीकडची असेल तर दोन्हीकडचं थोडंथोडं. तिसऱ्या पिढीतल्या मुलांना हे सगळं सांगता येईलच असं नाही, म्हणून आजीला विचार. आजीला ते बाका म्हणतात, आणि बाकाने एकदा तुला जवळचा मानलं की तुझं निम्मं काम झालं.

दुसरं म्हणजे दोन माणसं आधीच हेरून ठेव आणि त्यांचे फोन नंबर घे. एक कूम, म्हणजे नवऱ्याचा साक्षीदार. नुसता बेस्ट मॅन समजू नकोस, हे नातं जन्माचं असतं आणि बऱ्याचदा पुढे मुलांचा धर्मपिताही तोच होतो. दुसरा बार्याक्तार, झेंडा धरणारा. लाल-पांढरा-निळा क्रोएशियन झेंडा घेऊन तो सगळ्यांच्या पुढे असतो, कुठल्या घरातून कधी निघायचं, गाणं कधी सुरू करायचं, गाड्यांच्या रांगेत कोण पुढे, सगळा गोंधळ त्याच्या हातात. वेडिंग प्लॅनरची टाइमलाइन तुझ्याकडे असेलच, पण दुपारी बारानंतर ती टाइमलाइन बार्याक्तारच्या मूडवर चालते.

सकाळी वराकडची मंडळी नवऱ्याच्या घरी जमतात, खातात-पितात, गाणी होतात आणि मग झेंडा पुढे करून सगळे नवरीच्या घरी तिला आणायला जातात. इथे सेकंड शूटर, म्हणजे बरोबर दुसरा फोटोग्राफर, नसेल तर हे लग्न घेऊच नकोस, खरंच सांगते. एकाने नवऱ्याबरोबर यायचं आणि दुसऱ्याने आधीपासून नवरीच्या घरात दाराच्या आत उभं राहायचं, कारण दारात जे होतं ते दोन्ही बाजूंनी लागतं. दारात नवरीकडचे वाट अडवतात, कूमने पैसे काढायचे, घासाघीस, आरडाओरडा, मग ‘ही घ्या नवरी’ म्हणून आतून भलत्यालाच पाठवतात, कधी दाढीवाला मामा वेल घालून येतो तर कधी शेजारची म्हातारी. आपल्याकडे करवल्या जोडे लपवतात ना, तोच खट्याळपणा, फक्त इथे पणाला अख्खी नवरी. बाहेरच्या फोटोग्राफरने नवऱ्याच्या तोंडावर लक्ष ठेवायचं, खोट्या नवरीच्या नाही. आतल्याने दारातून बाहेरची गर्दी घ्यायची, आणि आत अंधार बाहेर लख्ख ऊन असल्याने दारातल्या माणसांचे चेहरे काळे पडतात, म्हणून फ्लॅश मागच्या पांढऱ्या भिंतीवर बाऊन्स करून ठेवायचा. २४-७० ची लेन्स पुरते, ती बदलायला वेळ मिळत नाही.

याच वेळी रोझमेरीच्या काड्या लावणं चालू असतं. छोटीशी रुझमारिनची डहाळी, तिला तिरंगी रिबन, प्रत्येक पाहुण्याच्या कोटावर किंवा ड्रेसवर टाचतात आणि पाहुणा परडीत पैसे टाकतो. टाचणाऱ्या हाताचा क्लोजअप सगळेच घेतात, घे तूही, पण आजोबांच्या कोटाला नात डहाळी लावतेय तेव्हा आजोबा खाली बघतात तिच्याकडे, तो घे. काही घरांत नवरी नवऱ्याच्या घराच्या छपरावरून सफरचंद फेकते, पलीकडे गेलं तर चांगलं म्हणतात. हे असेल तर आधी विचारून ठेव कारण रीटेक नाही, बाजूने उभा राहा म्हणजे नवरी, छप्पर आणि सफरचंद एका फ्रेममध्ये बसतील, शटर १/१००० च्या खाली नेऊ नकोस.

झेंड्याचं थोडं. तळ्याजवळ वारा असल्यामुळे झेंडा एक तर बार्याक्तारच्या तोंडाला गुंडाळतो नाहीतर मागच्या नवरीला झाकतो, तेव्हा वारा आडवा लागेल अशा बाजूला उभा राहा म्हणजे कापड पूर्ण उलगडलेलं दिसेल, शटर १/५०० च्या वर. आणि झेंड्यावरची ती लाल-पांढरी चौकटी ढाल, शाहोव्नित्सा, आजच्या अधिकृत झेंड्यात, म्हणजे डिसेंबर १९९० पासून, वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल चौकोनाने सुरू होते. जुन्या पिढीकडे किंवा जुन्या हॉलच्या भिंतीवर कधीकधी पांढऱ्याने सुरू होणारी दिसते. तिचा इतिहास जुना आहे पण दुसऱ्या महायुद्धातल्या, नाझींच्या बाजूच्या उस्ताशा राजवटीशीही ती जोडली जाते, त्यामुळे लोकांची मतं तीव्र असतात. तू लग्नात काही बोलायचं कारण नाही, अल्बममध्ये जे असेल ते असू दे, पण स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकताना फोटो नीट बघून टाक.

गाड्यांच्या रांगेत हॉर्न, खिडक्यांतून झेंडे, भरपूर आवाज. यात तू खिडकीतून लटकू नकोस. सेकंडला दहा मिनिटं आधी पुढे पाठव, चर्चच्या आधीच्या वळणावर फूटपाथवर उभा राहून २०० एमएमने समोरून येणारी रांग घेतली की तो एक फोटो बास.

चर्च कॅथलिक, पूर्ण मिसा, म्हणजे प्रार्थनाविधी, असते, तासभर धर. आधी फादरना भेटून कुठे उभं राहायचं, फ्लॅश चालेल का ते विचार, बहुतेक नाहीच म्हणतात. लेन्स ७०-२०० एफ २.८, आयएसओ ३२०० ते ६४००, आणि सायलेंट शटरच्या मोहात पडलास तर एलईडीच्या दिव्यांखाली फोटोत पट्टे येतील. भारतातून आलायस म्हणून सांगते, इथली वीज ६० हर्ट्झची, तुझी सवय १/५० आणि १/१०० ची असेल तर इथे १/६० आणि १/१२० वर ये. काही घरांतलं जोडपं क्रूस बरोबर आणतं आणि त्यावर हात ठेवून शपथ घेतं, तेव्हा हात आणि चेहरे एकाच फ्रेममध्ये दिसतील अशी जागा आधीच धरून ठेव, मधे उठून जाता येत नाही. कम्युनियन, म्हणजे फादरच्या हातून प्रसाद, घेतानाचे तोंडाजवळचे फोटो काढू नयेत, मला तरी ते बरं वाटत नाही.

चर्चमधून बाहेर आल्या आल्या, पायऱ्यांवर, सगळ्या पाहुण्यांचा झेंड्यासकट एक मोठा ग्रुप घे. नंतर घेऊ म्हणशील तर नंतर हे लोक परत एका जागी येत नाहीत, राकिया, म्हणजे त्यांची फळांची कडक दारू, सुरू झालेली असते. शिडी गाडीत ठेव. दुपारी तीनचं ऊन डोक्यावर, म्हणून चर्चची सावली कुठे पडते ते आधी बघ, अर्धे उन्हात अर्धे सावलीत असा ग्रुप कुठल्याच एडिटिंगने सुधरत नाही. घरच्यांच्या ग्रुपची यादी नवरीच्या बहिणीकडून किंवा कूमकडून हाका मारून घ्यायची, तू स्वतः ओरडत बसू नकोस. मोलिम म्हणजे प्लीज, ह्वाला म्हणजे थँक्यू, एवढे दोन शब्द आले की तेता मंडळी, म्हणजे मावश्या-आत्या, लगेच रांगेत उभ्या राहतात.

रिसेप्शनच्या ठिकाणी तू बाकी कुणाच्याही आधी पोच आणि गोडाचं टेबल शूट कर. कोलाची, छोटे छोटे केक आणि बिस्किटं, पीचच्या फळासारखे दिसणारे, अक्रोडाच्या सारणाचे, कितीतरी प्रकार, आणि बऱ्याचदा ते केटररचे नसतात, घरातल्या बायकांनी कित्येक दिवस खपून केलेले असतात. नुसत्या टेबलाचा फोटो घेऊन निघू नकोस, ज्यांनी केलंय त्यांना टेबलामागे उभं करून घे. लाल लित्सितार हृदयं पाहुण्यांना द्यायला ठेवलेली असतील, मधाच्या पिठाची, वर पांढरी नक्षी. उत्तर क्रोएशियातली ही कला २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. इथे रंगाचं बघ. झेंडा लाल, हृदयं लाल, रिबन लाल, आणि तुझ्या त्या चॉकलेटी प्रिसेटमध्ये, एडिटिंगच्या तयार रंगसेटिंगमध्ये, हे सगळं विटेसारखं दिसतं. या लग्नात लाल लालच दिसला पाहिजे, प्रिसेट बदल नाहीतर काढून टाक. पाहुणे जोडप्याला भेटून पाकिटं देतात तेव्हा हसरे चेहरे घे, पाकिटांचे क्लोजअप नको. तांबुरावाल्यांच्या वाद्यात किंवा कपाळावर नोटा लावतात ते मात्र बिनधास्त घे, तो खेळ सगळ्यांसमोरचाच असतो.

जेवताना मधेच ‘गोर्को, गोर्को’ असा ओरडा झाला की दोन-तीन सेकंदांत जोडप्याने किस करायचं असतं, त्यामुळे तू ताट घेऊन बसला असलास तरी कॅमेरा मांडीवर. स्लावोनियाचे लोक बेचारात्स गातात, चावट दोन ओळींची गाणी, पहिली ओळ एक जण म्हणतो, बाकीचे ती परत म्हणतात आणि खरा टोला दुसऱ्या ओळीत असतो. भाषा येत नसली तरी लय कळते, दुसरी ओळ संपताना गाणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्यांच्या टेबलाकडे कॅमेरा वळव.

कोलो, म्हणजे गोलात हात धरून नाच, हा तुझा रात्रीचा मुख्य फोटो. बाहेर उभा राहून काढशील तर पाठी दिसतील. परवानगी घेऊन गोलाच्या मध्यभागी जा, २४ किंवा ३५ एमएम, फ्लॅश रिअर कर्टनवर, म्हणजे शटर बंद होता होता चमकेल असा, शटर १/१५ ते १/३०, आणि ज्यांचा फोटो घेतोयस त्यांच्याबरोबर स्वतःही फिरत राहा म्हणजे चेहरे शार्प आणि मागचं पुसट. मग खुर्चीवर चढून वरून काही घे. पांढऱ्या कापडाच्या तंबूत फ्लॅश वर मारला तरी छान पसरतो, पण हल्ली काठावरच्या व्हेन्यूंना पारदर्शक तंबूची हौस आहे, रात्री त्यात बाऊन्स करायला काही नसतं, फ्लॅश सरळ आकाशात. तिथे दोन कोपऱ्यांत उंच स्टँडवर दोन फ्लॅश कमी पॉवरवर लावून ठेव, खांबाला बांध. लाकडी डेकवर किंवा डॉकवर कोलो सुरू झाला तर ट्रायपॉड विसर, सगळं हलतं.

आणि मध्यरात्र. बाराच्या सुमाराला नवरीचा वेल काढतात. कोणाच्या घरी आई काढते, कोणाकडे सासू, कोणाकडे कूमा म्हणजे नवरीची साक्षीदार, आणि मग तो वेल लग्न न झालेल्या मुलींच्या डोक्यावर एकेक करून ठेवत नाचतात. मला विचारशील तर दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा फोटो हाच, तळ्यावरच्या दहा फोटोंपेक्षा जास्त वेळा आल्बम याच पानावर उघडला जातो. डीजे नेमका तेव्हा जांभळे दिवे लावतो किंवा सगळं अंधारं करतो, म्हणून त्याला आणि बँडला संध्याकाळीच सांगून ठेव की त्या पाच मिनिटांना साधा पिवळसर उजेड दे. तू नवरीच्या समोर, सेकंड तिच्या खांद्यामागून आईच्या तोंडावर. आईचा घे, नक्की घे. नवरी बऱ्याचदा हसत असते, आईचं तसं नसतं.

आता बारीकसारीक. एसीच्या हॉलमधून दमट हवेत कॅमेरा आणलास की लेन्सवर वाफ धरते, जोडप्याच्या फोटोंसाठी बाहेर जायच्या अर्धा तास आधी बॅग बाहेर नेऊन ठेव. काठावर संध्याकाळी चिलटं आणि डास असतातच, पण डीटवालं औषध हाताला चोळून कॅमेरा धरू नकोस, डीट प्लास्टिक आणि रबर खातं, ग्रिप चिकट होऊन जाते. इकारिडिनवालं घे. ड्रोन उडवायचा विचार असेल तर २५० ग्रॅमपासून पुढच्या ड्रोनला ट्रान्सपोर्ट कॅनडाचं रजिस्ट्रेशन आणि पायलट सर्टिफिकेट लागतं, आणि बेसिक सर्टिफिकेटवर बाहेरच्या लोकांपासून आडवं ३० मीटर अंतर, तेव्हा गर्दीच्या काठावर मी तरी नाही उडवत. राकिया तुला देणारच, दहा वेळा देणार. नको नको करत बसू नकोस, ग्लास घे, झिव्येली, म्हणजे चिअर्स, म्हण, ओठाला लाव आणि खाली ठेव, कोणी मोजत नाही.

पैशांचं आधी बोलून घे. आपल्याकडे आठ तासांचं पॅकेज चालून जातं, इथे सकाळी दहाला नवऱ्याच्या घरापासून धरलं तर वेल निघेपर्यंत चौदा तास सरळ होतात. काँट्रॅक्टमध्ये संपायची वेळ रात्री अकरा अशी लिहू नकोस, ‘वेल काढून झाल्यानंतर अर्धा तास’ असं लिही, त्यापुढे तासाचा दर वेगळा, आणि सेकंडचे तासही तितकेच धर. आणि त्यांना सोमवारी पंचवीस-तीस फोटो पाठवायचं कबूल कर, बाकीचे सावकाश दे. तिकडे गावी राहिलेले नातेवाईक वाट बघत असतात, आणि पुढचं काम तुला त्या तीस फोटोंवरूनच मिळतं, नवरीच्या चुलत बहिणीचं लग्न बहुतेक पुढच्याच उन्हाळ्यात असतं.